सोमवारची मसूर

पहाटे साडेचारला धुकं इतकं खाली येतं
की टेकडीच्या पिवळ्या पायऱ्या मोजतच उतरायच्या.
दोनशे अकरा.
खाली लिमा शहर आहे म्हणतात.
जूनपासून आम्हाला ते दिसलेलं नाही.

एउदोसिया पोतं घेते, मी वही.
घाऊक बाजारातले ट्रक रिकामे होईपर्यंत थांबायचं,
मग जे कुणीच उचललं नाही ते आपलं:
मोडकी गाजरं, डोळे फुटलेले बटाटे,
एका अंगाने नासलेला भोपळा.
"नासकं कापून टाकलं की उरतो तो भोपळाच,"
एउदोसिया म्हणते.
नवऱ्याबद्दलही ती असंच म्हणायची, तो जाईपर्यंत.

कोंबडीवाला पंजे आणि माना तोलून देतो,
रक्ताचा डबा वर फुकट.
त्यात कांदा, पुदिना. मंगळवारची सोय झाली.

मसूर मात्र विकतच. सहा किलो.
सोमवारी मसूर खाल्ली
की आठवडाभर हातात पैसा खेळतो,
अशी इथली समजूत.
बावीस वर्षं दर सोमवारी खाते आहे.
खेळतो, नाही असं नाही.
लपंडाव खेळतो.

गॅस फक्त भातापुरता.
बाकी चूल, आणि चुलीत द्राक्षांच्या पेट्या,
जळतानाही थोड्या गोड वास येणाऱ्या.
लसूण, जिरं, सुक्या लाल मिरचीचं वाटण
तेलात पडलं
की वरच्या ओळीतली पत्र्याची दारं
एकेक करून उघडायला लागतात.

भोपळा सगळ्यात आधी टाकायचा.
विरघळून नाहीसा झाला पाहिजे,
खाणाऱ्याला फक्त मसूर दाट लागली पाहिजे.
माणसं वाढली तर पाणी वाढवायचं नाही,
बटाटा किसून घालायचा.
वाढवलेलं पाणी पोरांना जिभेवर कळतं,
आणि पोरं आईला सांगत नाहीत,
नुसती ताटाकडे बघत बसतात.
ते मी एकदा बघितलंय. एकदा पुरे.

बारा वाजता रांग.
येफेर्सन शाळेच्या गणवेशात, हातात चार डबे,
डोन आकिलिनो, स्वतःचा चमचा खिशात घालून आलेले.
"आज मांस आहे का, नेलिदा?"
"आहे. शोधा."
म्हातारा पंजा शोधून काढतो,
सोन्याची अंगठी सापडल्यासारखा वर धरतो,
आणि सगळी रांग हसते.

दीड सोलला एक ताट.
चौऱ्याऐंशी गेली.
चार आजाऱ्यांची, त्यांचे पैसे घेत नाही.
नऊ उधार.
उरली एकाहत्तर, म्हणजे एकशे साडेसहा सोल.

दुधाच्या पावडरचा डबा पालथा केला,
नाणी मोजली.
एकशे साडेअकरा.
परत मोजली. एर्मेलिंदाला मोजायला लावली,
तिला तर एकशे बारा आले,
म्हणून तिसऱ्यांदा मीच.
एकशे साडेअकरा.

कमी पडले तर मला ठाऊक असतं कुणावर ओरडायचं.
जास्त निघाले तर काय करतात?
पाच सोल, एकच नाणं, कडेला शिवणयंत्राचं तेल लागलेलं.
मागच्या हिवाळ्यात सोराइदाची मुलगी
साठ दिवस उधार जेवली होती.
जानेवारीत मीच ते पान फाडलं.
ती आता शहरात पँटींना चेन लावते म्हणे.
आज रांगेत तिला पाहिलं नाही मी.
पण या धुक्यात कोण कुणाला पाहतं.

जास्तीचे पाच सुद्धा चूकच असते हिशेबात.
शनिवारी बायकांपुढे वही वाचायची आहे,
कुठेतरी मांडायलाच हवेत.

एउदोसिया पातेलं खरवडत होती.
करपलेला थर ज्याचा त्याला आवडतो,
आमच्यात त्यावरून भांडणं होतात.
मी पेन्सिलीला थुंकी लावली
आणि जमेच्या बाजूला लिहिलं:

मीठ. पाच सोल.

"मीठ विकलं आपण?" खांद्यावरून तिने विचारलं.
मी म्हटलं, खरवड तू. मला थोडी ठेव.